आरूची पाचपेडी वेणी

असले अनुभव वाचून मी हसायची. भूतखेत, बाहेरचं वगैरे कधीच मानलं नाही. म्हणून हे लिहायला सात वर्षं लागली... आणि दुसरं कारण म्हणजे यात मी चांगली दिसत नाही.

किन्हीराजा गावाच्या बाहेर आमचं दीड एकर भाजीचं वावर आहे, वावरातच दोन टिनाच्या खोल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांची पहिली बायको सुनीता जाऊन वर्ष झालं होतं. तिची मुलगी आरू पाच वर्षांची होती.

मी वांगी केली की हे म्हणायचे, "सुनीता यात कूट घालत जाय." शेजारच्या शोभाकाकू म्हणायच्या, "पोरगी मायवरच गेली." माझा जळफळाट व्हायचा. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही... पोर मात्र हाताशी होती.

लपवत नाही. चिमटे काढले, मारलं, उपाशी ठेवलं. मेथीच्या जुड्या घेऊन मालेगावच्या बाजाराला जाताना तिला आतल्या खोलीत कोंडायची. महिना महिना केसांना तेल नाही, कंगवा नाही. ह्यांना सगळं दिसायचं. हे विहिरीवरची मोटर सुरू करायला निघून जायचे. मीही मामीचा मार खातच वाढले. त्यानं मला माफी मिळत नाही, पण खरं ते खरं.

आरू सहा वर्षांची असताना एका दुपारी बाजारातून येऊन कुलूप उघडलं — तर तिच्या डोक्याला तेल, पाठीवर घट्ट पाचपेडी वेणी! मला तीनपेडीच येते.

"कोनं घातली वं?"

"मायनं."

किल्ली माझ्या कमरेला, खिडकीला जाळी. मी शोभाकाकूंना जाऊन विचारलं.

"मी कायले येऊ तुह्या घरात? अन् पाचपेडी तं सुनीता घालत जाय."

भीती वाटायला हवी होती. मला आग लागली. इथंही तीच!

पुढच्या बाजारी निघाल्यासारखं केलं आणि मागं फिरून जाळीतून पाहिलं. भर दुपार, लख्ख उजेड. आरू मांडी घालून बसलेली. तिची मान मागे ओढली जायची, पुन्हा सरळ व्हायची.

"हळू ना वं माय, दुखते."

मागं कोणी नव्हतं. पण केसांचे पेड एकावर एक चढत होते...

कुलूप काढून मी आत धावले, हात उगारला. आरूनं दोन्ही हातांनी वेणी धरली.

"मले मार... पन वेनी नको सोडू."

उगारलेला हात मी खाली घेतला. खाली बसले.

संध्याकाळी ह्यांना वेणीचं, माझ्या माराचं, सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू मारतं, मले दिसत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

हे उठले आणि मोटर सुरू करायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मीच आरूला अंगणवाडीच्या ताईंकडे नेलं, वळ दाखवले. त्या खूप रागावल्या. मग वर्षभर दर आठवड्याला घरी येऊन पोरीची चौकशी करत राहिल्या. ती वेणी पुन्हा कधी दिसली नाही.

आरू आता तेरा वर्षांची आहे. मला आई म्हणते. पण फळीवरचा डबा काढायला जरी मी हात वर केला, तरी तिची मान खाली जाते.

त्या खोलीत कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. आणि सुनीताचा हेवा... तो आहेच. मेल्यावरही तिला लेकीजवळ येता आलं. मी तर त्याच घरात जिवंत होते.