हिंगाची बाटली

आधी आपण सर्वांनी मला क्षमा करावी. डॉक्टर माधवराव खांबेटे यांच्या साठीच्या गौरवग्रंथासाठी लिहून द्या, असे पत्र येऊन दोन महिने झाले. शिक्षण चौथीपर्यंतचे, चार वेळा लिहिले, चार वेळा फाडले. शुद्धलेखन कोणीतरी तपासून घ्यावे.

कलकत्त्यात बागबाजारजवळच्या एका कारखान्यात मी लोखंडी वस्तूंना क्रोमचा मुलामा देत असे. टाकीतून तेजाबी वाफ उठायची. नव्या माणसाचे नाक जळायचे. काही वर्षांनी जळणे थांबायचे आणि वास येणेही बंद व्हायचे. मग बंगाली सोबती म्हणत, "नाक पेके गेछे", म्हणजे नाक पिकले, आणि त्या माणसाने सगळ्यांना रसगुल्ले वाटायचे. मीही आनंदाने वाटले होते.

मालकांनी बोलावल्यावरून डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा तिथे कामगारांना तपासायला येऊ लागले. त्यांनी तसला रसगुल्ला कधी खाल्ला नाही. एकदा चार बाटल्या घेऊन आले. एकेकाने आत जायचे, डोळे मिटून वास ओळखायचा. माझे नाक गेले असे कळले तर काढून टाकतील. वय पंचावन्न, दुसरीकडे कोण घेणार? मी तर्क केला, डॉक्टर मराठी, मी मराठी, माझ्यासाठी हिंगच आणला असणार. बाटली नाकाशी येताच म्हणालो, "हिंग. चांगला खड्याचा."

त्यांनी बाटलीला बूच लावले. मग हळूच म्हणाले, "काका, यात नळाचं पाणी आहे."

कागदावर लिहू नका म्हणून मी हात जोडले.

"लिहिणार," ते म्हणाले. "पण तुमच्याविषयी नाही, टाकीविषयी."

त्यांनी मालकांचा पिच्छा सोडला नाही. टाकीवर वाफ ओढणारा पंखा बसला, मला गोदामात काम मिळाले. मालकांनी पुढे त्यांना बोलावणे बंद केले. पंखा मात्र राहिला, आणि रसगुल्ले बंद झाले.

तेव्हापासून दर दिवाळीला ते आमच्याकडे जेवायला येतात. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे मराठीत मध्येच बंगाली येते आणि आमची मंडळी हसतात. पाटावर बसून ते मला सांगत राहतात, "काका, आता मोहरी तडतडली. आता हिंग पडला." माझे जेवण असे त्यांच्या नाकाने होते.

मी वयाने मोठा, म्हणून आशीर्वाद देतो. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.

परवा आमटीला फोडणी पडताना मला कसलातरी वास आल्यासारखे वाटले. खरे की मनाचे, कळत नाही. हिंग घातला होता का, हे बायकोला विचारायचा धीर झाला नाही. डॉक्टरसाहेबांनी त्या बाटल्या ठेवल्या असतील तर एकदा घेऊन यावे. पाण्याचीही आणावी. कधी येतात, तेवढे लवकर कळवावे.