डोंगर उतरून उन्हात

आमचं घर महाबळेश्वरात होतं असं सांगितलं की लोक म्हणतात, "काय नशीब!" मी नुसती हसते. त्यांनी महाबळेश्वर पाहिलेलं असतं ते मे महिन्यातलं, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीतलं. आम्ही तिथले जुलै काढलेत.

जुलैत तिथं ढग दारातून घरात यायचे. दार जरा उघडं राहिलं की समोरची भिंत पुसट दिसायला लागायची. बरणीतल्या मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी ओढून ओढून दमायला व्हायचं. कपडे वाळवायचे तर कोळशाच्या शेगडीवर बांबूची पाटी उपडी घालायची आणि तिच्यावर एकेक कपडा पसरायचा. माझी लेक तसले धुराच्या वासाचे कपडे घालून शाळेत जायची. म्हणजे ज्या दिवशी जायची, त्या दिवशी. एरवी ती उशीला टेकून बसलेली असायची, दोन्ही खांदे वर उचललेले, आणि छातीतून बारीक शिट्टी. दुसरीतल्या पोरीला मी दिवसभर एकच वाक्य सांगायची, "पळू नको गं."

घरात आम्ही चौघं. नवरा पर्यटकांची गाडी चालवायचा. सासूबाईंना आमच्याकडच्या रीतीनं मी आत्या म्हणते. त्या पॉइंटवर कणसं भाजून विकायच्या. वर्षानुवर्षं त्या गारठ्यात बसून त्यांच्या बोटांची पेरं सुजली होती. शेवटी शेवटी तर मूठ वळेनाशी झाली. स्वतःचा अंबाडासुद्धा घालता येत नव्हता, तो मी घालायची. त्या मान खाली घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "हात हायेत, पन नुसतं लटकल्यात."

खोली भाड्याची होती. सीझन आला की मालक सांगायचा, "पाव्हणे यायचेत, तेवढे दिवस मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढा." आम्ही काढायचो. मग एका वर्षी त्यानं सगळ्याच खोल्यांचं लॉजिंग करायचं ठरवलं. गावात दुसरीकडं विचारलं तर तिथंही हीच गत. जिथं पर्यटक झोपू शकतो तिथं आमच्यासारख्याला कोण ठेवील?

त्याच पावसाळ्यात लेकीला घेऊन वाईच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. त्यांनी तिची छाती बराच वेळ तपासली आणि म्हणाले, "औषध मी देतोच. पण हवा काही माझ्या हातात नाही. हिला कोरड्या, उबदार ठिकाणी न्या."

नवऱ्याचा एक जुना दोस्त चाकणला कंपनीची बस चालवत होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "भावा, ये ना राव इकडं! ड्रायव्हर मिळेना झालेत इथं. मोशीत खोल्या परवडतात. आणि ऊन तर फुकटच आहे."

आत्या काही तयार होईनात. "सपाटीला माणसानं ऱ्हायाचं कसं? आडोसा कशाचा?" त्यांचा जन्म जावळीच्या खोऱ्यातला. चारी बाजूंना डोंगर नसलेली जागा त्यांना उघड्यावर टाकल्यासारखी वाटायची. पण नातीला धाप लागली की त्या रात्रभर तिची पाठ चोळत बसायच्या. दसरा झाला आणि त्या आपणहून भांडी पोत्यात भरायला लागल्या.

टेम्पोत सामान काय, दोन ट्रंका, भांडी आणि गोधड्या. पसरणीचा घाट उतरताना लेक खिडकीला चिकटली होती. वाईत उतरलो तेव्हा अंगातला स्वेटर जड वाटायला लागला. पुण्याला वळसा घालून हायवेनं पुढं निघालो आणि पुनावळ्याच्या आसपास आत्यांनी ड्रायव्हरच्या दंडाला हात लावला. "जरा हळू घे बाबा." रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती होत्या, इतक्या उंच की टेम्पोच्या काचेतून वरचं टोक दिसेना. आत्या खाली वाकून, मान वाकडी करून बघत राहिल्या.

"एवढ्या वर पानी कोन चढवतंय?"

"मोटर चढवते, मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

"आन लाईट गेल्यावं?"

"तेवढं मात्र विचारू नका."

मोशीत पोहोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आत्या टेम्पोतून उतरल्या, पदर सावरला आणि तिथल्या तिथं उभ्या राहून स्वतःभोवती हळूहळू एक फेरा घेतला. एका बाजूला नव्या बिल्डिंगी, दुसरीकडं अजून शिल्लक राहिलेलं एक ज्वारीचं वावर, पलीकडं इंद्रायणीच्या काठची झाडी. आणि या सगळ्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोकळं आभाळ. आमच्याकडं आभाळ झाडांच्या शेंड्यांतून तुकड्या-तुकड्यानं दिसायचं.

"केवढं हाय गं हे," आत्या म्हणाल्या. घाबरून म्हणाल्या की कौतुकानं, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती, वर गच्ची. मालकीणबाई मोशीच्याच जुन्या घराण्यातल्या. बिल्डिंग उभी होती तिथं त्यांचं शेत होतं. त्या म्हणाल्या, "गच्ची तुमचीच समजा. आमी न्हाई जात वर. गुडघं हायेत का चढायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. त्यांना बुरशीचा वास होता, कितीतरी वर्षांचा. जाड गोधडी धुणं म्हणजे आमच्याकडं संकट. एकदा भिजली की ती वाळायची आशा सोडायची. आत्या ओरडल्याच, "आज पोरीला काय घालनार हातरायला?" पण मी ऐकलं नाही. गच्चीच्या कठड्यावर सगळ्या पसरल्या आणि खाली येऊन सामान लावायला लागले.

दुपारी वरून आत्यांची हाक आली. आवाज असा होता की मी जिना पळत चढले. त्या कठड्याशी उभ्या होत्या. एक गोधडी ओढून त्यांनी छातीशी धरली होती, आणि तिच्यात तोंड खुपसलं होतं.

"काय झालं आत्या?"

त्यांनी गोधडी माझ्या गालाला लावली. वाळली होती. नुसती वाळली नव्हती, गरम होती, तव्यावरून काढल्यासारखी, आणि वास म्हणाल तर कसलाच नाही. शेगडीचा नाही, बुरशीचा नाही. मी एकेक करून सगळ्या चाचपल्या. सगळ्या वाळलेल्या. आम्ही दोघी सासवा-सुना त्या रणरणत्या गच्चीवर गोधड्या गालाला लावत उभ्या राहिलो. मला हुंदका आला, त्याची तेव्हा लाज वाटली होती. आता वाटत नाही.

शेजारच्या खोलीतली बाई तिचं धुणं गोळा करायला वर आली होती. परभणीकडची होती, नवरा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. ती आमच्याकडं बघत राहिली. "अव मावशी, काय बघायलात एवढं? कपडेच वाळलेत की!"

आत्यांनी तिला सांगितलं, आमच्याकडं चार महिने काही वाळत नाही. तिला खरं वाटेना. "चार महिने? आमच्या तिकडं तर पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवतेत."

त्या दिवसापासून ती आमची झाली. थंडी आली तेव्हा मजाच झाली. ती सकाळी कानटोपी, स्वेटर, वर शाल अशा थाटात दूध आणायला निघायची आणि आत्या नुसत्या लुगड्यावर, उघड्या दंडांनी गच्चीत बसलेल्या. ती म्हणायची, "मावशी, तुमाला थंडी कामून वाजत नाही हो?" आत्या विचारायच्या, "कुठाय थंडी?" एकाच जिन्यातल्या एका बाईला हे गाव उबदार वाटत होतं आणि दुसरीला गार. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या.

नवऱ्याला चाकणची ड्यूटी लागली होती. कधी पहाटे, कधी रात्रपाळीच्या माणसांना घेऊन. एकदा आम्ही चाकणच्या बाजारात कांदे घ्यायला गेलो आणि परतताना कंपन्यांच्या रस्त्याला लागलो. नेमकी पाळी सुटायची वेळ. गेटं उघडली आणि माणसं बाहेर यायला लागली. निळे शर्ट, करडे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात डबे. एका गेटातून, मग त्याच्या पुढच्या, मग समोरच्या. बसेस रांगेनं उभ्या, दुचाक्यांचा आवाज, आणि त्या सगळ्यांतून वाट काढत नव्या कोऱ्या गाड्या अंगावर घेतलेला एक लांबलचक ट्रेलर निघालेला. महाबळेश्वरातही आम्ही गर्दी पाहिली होती, पण ती हिंडायला आलेल्यांची. ही घामेजलेली, भुकेली, घरी निघालेली गर्दी होती. आत्या मला बिलगल्या.

"ही समदी मानसं कुठनं आली असतील गं?"

नवरा मागं वळून म्हणाला, "कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी बिहारचं. आपल्यासारखीच, आई."

"म्हंजी समद्यांनी घर हलवलंय," आत्या म्हणाल्या.

मग उन्हाळा आला, आणि आमचा तोराच उतरला. ऊन म्हणजे देवाचा प्रसाद असंच आम्ही धरून चाललो होतो. आम्हाला ते सोसायचं कसं हे ठाऊक नव्हतं. भर दुपारी मी धुणं घालायला जायची, लेक उघड्या डोक्यानं खाली खेळायची. खोलीवरची गच्ची अशी तापायची की संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवत नव्हती. एका दुपारी लेक घरात आली ती फ्रॉकचा पुढचा भाग रक्तानं भिजलेला. मी किंचाळले. धावत जाऊन तिची मान मागं धरली.

परभणीची बाई आवाज ऐकून आत आली आणि तिनं माझा हात बाजूला केला. "मागं नका करू मान. पुढं वाक बाळा. काही नाही, घोळणा फुटलाय." तिनं नाक चिमटीत धरलं, डोक्यावर गार पाण्याचा हात फिरवत राहिली. रक्त थांबलं. मग ती आमच्या घराकडं नजर टाकून म्हणाली, "खिडक्या दुपारच्याला उघड्या कामून ठेवता? अन् गच्चीला चुना मारा की. लेकराला ताक द्या. ऊन लई खोडीचं असतंय."

संध्याकाळी नवरा आला, सगळं ऐकून खाली बसला. म्हणाला, "आई, चुकलं का गं आपलं? तिकडं धाप, इकडं हे. परत जायचं का?"

मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं, ह्या आता हो म्हणणार. डोंगरासाठी त्या अजून झुरत होत्या, ते मला माहीत होतं. पण त्या म्हणाल्या, "आमी पावसात ऱ्हायला शिकलो तवा मरनाचा पाऊसच व्हता न्हवं? मंग ऊन बी शिकायाचं. सांगायाला शेजारीन हाय."

त्या रविवारी नवऱ्यानं आणि मालकीणबाईंच्या मुलानं मिळून गच्चीला चुना फासला. मी दुपारी खिडक्यांना ओली चादर लावायला शिकले. आणि शेजारणीनं आत्यांना कुरडया करायला बोलावलं. आमच्याकडच्या हवेत कुरडई कधी कुणी घालायचंच नाही, बुरशी धरायची. आत्यांना ते कामच नवीन होतं.

तीन दिवस गहू भिजवले, वाटून चीक काढला. उजाडता उजाडता शेजारणीनं तो शिजवला आणि गरम असतानाच पितळी सोऱ्यात भरून आम्ही गच्चीवर गेलो. मी प्लास्टिकचा कागद पसरत होते. शेजारीण सोऱ्याचा दांडा फिरवत होती, गोल गोल पांढऱ्या जाळ्या पडत होत्या. थोड्या वेळानं तिचा दंड भरून आला. आत्या म्हणाल्या, "आन हिकडं."

मी म्हणणार होते, आत्या, तुम्हाला नाही जमायचं. त्याआधीच त्यांनी सोऱ्या धरला होता. डाव्या हातात भांडं, उजव्या हातात दांडा. एक एक करत बोटं त्या दांड्याभोवती वळली. आधी करंगळी, मग बाकीची. पुरती नाही, तर्जनी जरा बाहेरच राहिली. पण मूठ झाली. दांडा फिरला आणि एक वेडीवाकडी कुरडई कागदावर पडली.

आत्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही. त्या आपल्या हाताकडं बघत होत्या. दांडा सोडून त्यांनी बोटं उघडली, परत मिटली, परत उघडली. पूर्वेला तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं आणि त्यांच्या मनगटावर पडलं होतं. शेजारणीला काही कळेना. "काय झालं मावशी, भाजलं का?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "वळतंय बग."

हे काही एका दिवसात झालं नसणार. महिनोन्महिने त्या गच्चीवर उन्हाला हात धरून बसत होत्या, बोटं हळूहळू सैल होत आली असतील. सूज अजूनही आहे, गार दिवशी दुखतातही. पण त्या सकाळी मला ते समोर घडताना दिसलं, आणि अजून डोळ्यांपुढून जात नाही. कुरडया संध्याकाळपर्यंत वाळल्या. हातात घेतल्या तर हलक्या, काचेच्या बांगड्यांसारख्या वाजणाऱ्या.

खरी भीती जुलैची होती. पाऊस इथंही येतो, पण येतो आणि जातो, मधे ऊन पडतं. तरी मी रोज संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन तिच्या पाठीला कान लावायची. ती कंटाळायची. "आई, काय ऐकतेस?" मी म्हणायची, काही नाही. आणि खरंच काही नसायचं. नुसता श्वास. जुलै सरला. ऑगस्टात एकदा सर्दी झाली, मी औषध काढून ठेवलं, दोन दिवसांत सर्दी आपली आपण गेली. पुढं दिवाळीच्या फटाक्यांच्या धुरात तिला एकदा धाप लागली, दवाखाना करावा लागला. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण तो पावसाळा तिनं शाळेत काढला.

त्याच पावसाळ्यातली एक दुपार. शाळा सुटायच्या वेळेला मी आणि आत्या तिला आणायला गेलो होतो. भुरभुर होती, आणि तिच्यातूनच ऊन पडलेलं. फाटकातून बघितलं तर मैदानावर पोरं शिवाशिवी खेळत होती, चिखलानं भरलेली, आणि त्यांच्या मधे आमची पोर पळत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वेण्या उडवत, तोंड उघडं टाकून हसत. एका पोरानं तिला पकडलं, ती निसटली, परत पळाली.

सवयीनं माझं तोंड उघडलं. आत्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "पळू दे."

आम्ही दोघी फाटकाच्या गजांना धरून उभ्या राहिलो. घंटा होऊन गेली होती, बाकीच्या आया पोरांना घेऊन निघाल्या होत्या. आम्ही तिला हाक मारली नाही.