व्होल्निनला प्यादेमात करायला निघालेली मंजूताई

"व्होल्निन शारजात येतोय. तू पण ये. हवा सध्या मस्त आहे, निलेश व्हिसाचं बघतोय."

मावसबहिणीचा, म्हणजे मंजूताईचा हा मेसेज आला तेव्हा मी कोल्हापुरात मित्राच्या गॅरेजमध्ये बसून भडंग खात होतो. व्होल्निन म्हणजे ताईच्या ऑफिसातला कुणी साहेब असेल असं मला वाटलं. पण फुकट राहायला घर, वर पोळ्या निलेशदाजींच्या हातच्या (हो, दाजी ताईपेक्षा चांगल्या लाटतात), मग साहेब कुणी का असेना! मी लगेच हो म्हणून टाकलं. माझे सगळे मोठे निर्णय असेच तोंडात घास असताना होतात.

मिरजेला घरी जाऊन आईला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. "अर्काडी व्होल्निन? तो न हरणारा?"

आमच्या आजोळी बुद्धिबळ हा खेळ नव्हता, वळण होतं. आजोबांनी आईला, मावशीला आणि पुढे मंजूताईला पटावर बसवलं. माझ्यावरही प्रयोग झाला, पण मी घोड्याच्या चालीपर्यंत पोचलो आणि पतंग उडवायला पळालो. आजोबांचा एक जुना देशी नियम होता. वजिरानं किंवा हत्तीनं केलेली मात म्हणजे नुसती मात. साध्या प्याद्यानं राजाला मारलं तर ती प्यादेमात, आणि त्या दिवशी त्या माणसाचं पान पहिलं वाढायचं. आजोबांचं स्वतःचं पानसुद्धा नंतर. आई सांगते की या नियमापायी त्यांच्या घरात जिंकलेले कितीतरी डाव लोकांनी हौसेनं घालवले.

मुंबईहून शारजाचं विमान पकडा, दुबईपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि पोचायला तीनेक तास लागतात. विमानतळावर वाट बघताना मी या व्होल्निनची माहिती काढली. व्होल्गा नदीकाठच्या एका लहान गावातला माणूस. मिसरूड फुटायच्या आधी ज्युनिअर विजेता, मग ग्रँडमास्टर. रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा दुसरा आला, संघाबरोबर सोनं मिळवलं. एका जगज्जेत्याला त्यानं हरवलंय, तेही काळ्या सोंगट्या घेऊन. पण सगळ्यात ठळक दिसते ती बरोबरी. त्याचं रेकॉर्ड वाचताना मला पावसानं धुतलेल्या कसोटी मालिकेची आठवण झाली: अनिर्णित, अनिर्णित, एक विजय, अनिर्णित. जगज्जेतेपदाच्या शर्यतीत शिरायला त्याला एकदा शेवटचा डाव जिंकायलाच हवा होता. पटावर तो वरचढ होता, तरी त्याच त्याच चाली परत खेळून त्यानं बरोबरी घेतली आणि बाहेर पडला. पुढे तेवढ्या उंचीवर तो कधी गेलाच नाही. आता शिकवतो आणि गावोगावी जाऊन एकट्यानं पंचवीस-तीस जणांशी एकाच वेळी खेळायचे कार्यक्रम करतो. शारजातही तसलाच एक होता, ताईची लेक ईरा जिथं शिकते त्या क्लबात.

विमानतळावर दाजी आले होते. "या मेहुणे! बॅग एवढीच? का बाकीचं सामान मागनं जहाजानं येतंय?"

त्यांचं घर अल नहदाला, शारजा आणि दुबईच्या अगदी सीमेवर. बाल्कनीतून समोर दुबई दिसते, रस्ता ओलांडला की पोचलो असं वाटतं. संध्याकाळी गाडीनं जाऊन बघा म्हणजे कळेल. त्या एका रस्त्यावर दाजी रोज मराठी बातम्या, हिंदी गाणी आणि एक अख्खा फोनकॉल संपवतात.

जेवताना अकरा वर्षांच्या ईरानं माझी मुलाखत घेतली.

"मामा, डू यू प्ले चेस?"

"मला घोड्याची चाल येते की."

"दॅट्स नॉट प्लेइंग." मग आईकडे बोट करून, "लाइक मम्मा. शी ओन्ली वॉचेस."

ताई पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करत राहिली. राज्य पातळीवर खेळलेली बाई ही. व्होल्निनचे डाव वर्तमानपत्रातून कापून ठेवायची. लग्न झालं, इकडे आली, एचआरमध्ये लागली, आणि पट जो मिटला तो मिटलाच. आता दर आठवड्याला लेकीला क्लबात सोडते आणि थर्मासमधला चहा पीत बाहेर बसते.

"तू पण खेळ की शनिवारी," मी म्हटलं.

"नाव द्यायचं असतं आधी. सगळे बोर्ड भरलेत. आणि आता काय, हात गंजलेत."

"हात नाही गं," दाजी तव्याजवळून म्हणाले, "ही घाबरते. त्याच्यासमोर पंधरा चालीत उडाली तर लहानपणीचा देव गेला आणि लेकीसमोरची अब्रूही गेली."

ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की दाजींनी पुढची भाकरी निमूट मला वाढली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते, दुबईत नसते, त्यामुळे दाजी कामावर आणि मी मोकाट. ताईनं एकच काम दिलं होतं: ईराच्या सरावाचं घड्याळ बंद पडलंय, दुबईहून येताना सेल आण. मी आधी खाडीवर गेलो. आब्रा म्हणजे लाकडी होडी, एका दिरहमला पलीकडे. एक दिरहम म्हणजे आपले तेवीस-चोवीस रुपये. जगात एवढ्या पैशात एवढी श्रीमंत हवा कुठं खायला मिळत नाही, म्हणून मी चार वेळा इकडून तिकडे केलं. होडीवाल्यानं शेवटी विचारलं, "भाई, जाना किधर है?" मग मेट्रोनं लाल लाइनच्या टोकाला, सेंटरपॉइंटला, आणि तिथून बसनं इंटरनॅशनल सिटीच्या ड्रॅगन मार्टला. तिथं फक्त सेल घ्यायला जाऊ नका. मी गेलो आणि कंदील, पायपुसणं, उजेड पडणारा चमचा असं सगळं बघत फिरत राहिलो. परत आलो तेव्हा हातात चमचा होता आणि सेल नव्हते.

"ओम्या," ताई म्हणाली, "तू मंगळावर गेलास तरी वाटेत चमचा बघत थांबशील."

शनिवारी सकाळी क्लबात पोचलो. मोठा हॉल, टेबलं चौकोनात लावलेली, बाहेरून खेळणारे आणि आतल्या मोकळ्या जागेत फिरणारा तो एकटा. व्होल्निन मी समजलो होतो त्यापेक्षा बुटका निघाला. करड्या दाढीचा, खांदे जरा पुढे झुकलेले, पायात मऊ बूट. इतकं चालायचं म्हणजे बूट महत्त्वाचे. नियम साधा: तो तुमच्या टेबलाशी येईपर्यंत विचार करायचा, तो आला की त्याच्यासमोर चाल करायची. सगळ्या पटांवर पांढऱ्या सोंगट्या त्याच्या.

ईराच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. कुणीतरी आलंच नव्हतं. पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले संयोजक घड्याळ बघत आमच्या पालकांच्या रांगेकडे आले. "वन बोर्ड एम्प्टी. एनीबडी? यल्ला, यल्ला!"

मी ताईचा हात धरून वर केला. अगदी शाळेत दुसऱ्याचा हात वर करतो तसा.

"सोड! ओम्या, सोड, मी मारीन तुला!"

"वेलकम, मॅडम," संयोजकांनी खुर्ची मागे ओढली. आता एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? ताई बसली. थर्मास तिच्या मांडीवरच राहिला. ईरा तोंड उघडं टाकून बघत होती.

पहिल्या फेऱ्यांत ताई खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. पण हळूहळू तिची पाठ ताठ होत गेली. व्होल्निन येई, ताईची चाल बघे, अर्धा क्षण थांबे, स्वतःची चाल करून पुढे जाई. मग तो अर्धा क्षण वाढायला लागला. मला डावातलं काही कळत नव्हतं, तरी माणूस कुठं जास्त वेळ उभा राहतो ते कळतं. शेजारचे हरून उठत होते. ईराही हरली, त्याच्याशी हात मिळवून आईच्या मागे येऊन उभी राहिली. जितके पट कमी, तितका तो लवकर परत येतो, म्हणजे ताईला विचार करायला वेळ आणखी कमी.

एका फेरीला तो टेबलाशी आला, दोन्ही तळवे पटाशेजारी टेकले, आणि हळूच म्हणाला, "ड्रॉ?"

ग्रँडमास्टर स्वतः बरोबरी मागतोय! आजूबाजूचे पालक गोळा झाले. माझ्या डोक्यात मिरजेला फोन लागलासुद्धा.

ताई म्हणाली, "नो सर. थँक यू."

"मम्मा!" ईरा कुजबुजली, पण हॉलभर ऐकू गेलं.

व्होल्निननं भुवया उंचावल्या आणि चाल केली. पुढच्या फेरीपर्यंत ईरानं माझ्या दंडात नखं रुतवली होती. "मामा, शी हॅज मेट इन वन. क्वीन टेक्स, मेट. इट्स ओव्हर." वजीर आत घातला की खेळ खलास, हे तिनं मला बोटानं दाखवलं तेव्हा मलाही दिसलं. मला दिसलं म्हणजे बघा!

व्होल्निन आला. त्यालाही दिसलेलं होतं. त्यानं हात मिळवायला उजवा हात अर्धा उचललाच होता.

ताईनं वजिराकडे पाहिलं. मग बोट एका प्याद्यावर ठेवलं आणि ते एक घर पुढे सरकवलं.

हॉलमध्ये कुणीतरी "ओह" केलं. व्होल्निनचा हात हवेत थांबला. तो वाकून पट बघत राहिला, आणि मला वाटतं त्याला कळलं: पुढच्या चालीला हेच प्यादं आणखी एक घर जाणार आणि त्याच्या राजाला मारणार. फक्त मधे त्याची एक चाल होती. तेवढी त्याला पुरली. त्यानं आपला वजीर उचलून शह दिला. ताईनं राजा हलवला. दुसरीकडून शह. राजा परत जागेवर. परत शह. ज्याची अख्खी कारकीर्द बरोबरी काढण्यात गेली त्या माणसाला ताईनं एक श्वास दिला होता, आणि तो सोडणार थोडाच! तिसऱ्यांदा तीच स्थिती आली आणि दोघांनी हात मिळवले. बरोबरी.

"यू हॅड मेट!" ईरा रडायच्या बेतात. "मम्मा, इट वॉज राइट देअर!"

"दिसत होतं गं मला," ताई म्हणाली. गाल लाल झालेले, डोळे चकाकत होते, आणि हसू आवरत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर व्होल्निन खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "ड्रॉ मी आधीच देत होतो," तो त्याच्या जाड इंग्रजीत म्हणाला, "माझे पाय तरी वाचले असते. वजीर का नाही?"

ताईनं त्याला आजोबा सांगितले, पहिलं वाढायचं पान सांगितलं. प्यादेमातीला इंग्रजी शब्द सापडेना म्हणून हातवारे केले. तो ऐकत होता आणि हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आवाज न करता.

"मीही एकदा जिंकलेल्या डावात बरोबरी घेतली होती," तो म्हणाला.

"माहितीये," ताई म्हणाली. "शेवटच्या फेरीतला. मी तो पुन्हा पुन्हा मांडून बघितलाय."

त्यानं पटावरचं एक प्यादं उचलून बोटांत फिरवलं. "मी भीतीनं घेतली. तुम्ही हौसेनं. हौस पुष्कळ बरी."

ईराचे डोळे पुसले गेले होते. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "मम्मा, नेक्स्ट वीक विल यू सिट इनसाइड?"

"इन्शाल्ला," म्हणाली ताई, आणि थर्मास शेवटी टेबलावर ठेवला.

परतताना दाजींनी गाडी खाडीकाठी एका टपरीशी उभी केली. इथं उतरायचं नसतं, हॉर्न वाजवला की माणूस गाडीशी येतो. कडक चहा, त्यांच्या भाषेत करक, आणि चिप्स घालून गुंडाळलेला पराठा. सगळ्यांचं मिळून वीस दिरहमच्या आत. ताईनं रुपयात हिशोब केला नाही. तीन दिवसांत मी तिला हिशोब न करता काही खाताना पहिल्यांदाच पाहिलं.

मिरजेला आलो. लोक विचारतात, उंच इमारत बघितलीस का? खालून बघितली, मान दुखली. खजूर आणले, ते दोन दिवसांत संपले. व्होल्निनच्या रेकॉर्डमध्ये शारजाचा डाव शोधला, तर नाही. असल्या कार्यक्रमातले डाव धरतच नाहीत म्हणे. म्हणजे जगाच्या लेखी तो झालाच नाही.

आईला मात्र तो हवा होता. ताईनं प्यादं सरकवायच्या आधीच्या स्थितीचा फोटो ईरानं काढला होता, तो बघून आईनं जेवणाच्या टेबलावर पट मांडला. त्याला दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. बाबा आणि मी ताटं घेऊन खाली बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली, "ओमकार, मंजूला फोन लाव."

ताई ऑफिसात होती. "बोल मावशी, मीटिंगमध्ये जातेय."

"मंजे, आधी हत्ती द्यायचास. फुकट. त्याला घ्यावाच लागतो. मग त्याच्या वजिराला शह द्यायला वाटच उरत नाही. मग ढकल तुझं प्यादं. प्यादेमात!"

पलीकडे ताई मनात पट मांडत होती. आई पदराला हात पुसत वाट बघत होती.

आणि मग दुबईतल्या कुठल्याशा काचेच्या ऑफिसात, भर मीटिंगच्या तोंडावर, मंजूताई किंचाळली.