गळा कसा ठेवू?

घाटंजीच्या बसस्टँडमागे ब्लाउज शिवणारी ती बाई मला रस्त्यापलीकडूनच विचारायची, "ताई, गळा कसा ठेवू?" आवाज खणखणीत. उत्तर मिळेपर्यंत कात्री हवेतच धरायची.

मग तिच्याच गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: समोरून चीर द्यायची, नाहीतर काखेतून दुर्बीण घालून गाठ काढायची. आवाजाची नस दोन्ही वाटांनी जपावी लागणार होती.

"काखेतूनच करीन," ती म्हणाली. "गळ्याले खूण दिसली का लोकायले दोरच आठवते, ताई. पोरीच्या सोयरिकीत कोणाकोणाले सांगू, गाठ होती म्हणून?"

कापसाची ती वर्षंच तशी होती; गावोगावी कोणी ना कोणी गळफास घेतला होता.

तिनं टेपचं एक टोक काखेत दाबलं आणि दुसरं गाठीवर धरायला मला दिलं. "किती?"

"नऊ इंच."

जोड काखेत लपवणं तिला रोजचं होतं, पण एवढ्या लांबून, न उसवता, आतलं कसं कापतील हे तिला कळेना. तिच्या प्रत्येक आवंढ्याबरोबर गाठीवरची माझी बोटं वरखाली होत होती.

ऑपरेशननंतर महिन्यानं मी कापड घेऊन गेले. गळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. तिनं कात्री उचलली, ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. मी मशीनवर वाकले.

"गळा कसा ठेवू?" नुसता वारा.

"होता तसाच," मी म्हटलं.