हजार रुपयांची कड

कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवते. ताट असो, खुर्ची असो, फोनचं कव्हर असो. भोसरीत माझी फायबरच्या कामाची शेड आहे. बसमधल्या सीटमागची पॅनेलं, मशीनची झाकणं असा माल आम्ही साच्यावर काढतो. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिला रेझीन पाजायचं आणि वाळलं की तुकडा साच्यातून सोडवायचा. सोडवलेल्या तुकड्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. त्या घासून गोल करायचं काम बायकांचं. बीडहून लग्न होऊन आल्यावर मी दुसऱ्याच्या शेडमध्ये आठ वर्षं तेच केलं. मग स्वतःची शेड घातली.

त्या शेडमधला पहिला मोठा लॉट चाकणच्या एका कंपनीच्या गेटवरून परत आला. तपासणीवरच्या साहेबाने एका पॅनेलच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला बारीक रक्त आलं. ते त्याने वर धरून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "बाईच्या भरवशावर माल घेतला की हेच होणार." टेम्पोवाला हसला, सिक्युरिटीवाला हसला, माझेच दोन लोडर हसले. मी पॅनेलं पुन्हा टेम्पोत भरली. या गोष्टीला वीसएक वर्षं झाली. तो साहेब आता कुठे आहे मला माहीत नाही, पण कडेवरून अंगठा फिरवताना मी अजून त्याच्याशी भांडत असते. त्या दिवसानंतर माझ्या शेडमधून धारेची कड बाहेर गेलेली नाही.

माझी मुलगी इंजिनिअर आहे, चाकणलाच एका कंपनीत. गेल्या वर्षापासून ती रविवारी पहाटे उठून मावळातल्या एका धरणावर जायला लागली. तिथे एक छोटा क्लब आहे. बोटीच्या मागे जी लाट उठते तिच्यावर फळी घेऊन उभं राहायचं, असा तो खेळ. मला आधी राग आला. एवढं शिकवलं ते पाण्यात पडायला का? तिने जेवताना मला ताटात बोट फिरवून समजावलं.

"बोटीच्या पोटात पाणी भरून ती जड करतात आणि सावकाश चालवतात. मग मागे मोठी लाट तयार होते. आधी बोटीला बांधलेली दोरी धरून उभं राहायचं. तोल आला की दोरी सोडायची."

"सोडल्यावर ओढतं कोण?"

"कुणीच नाही. लाटच पुढे नेते."

"लाटेला काय पडलंय तुझं?"

ती हसली, पण तिला अजून एकदाही दोरी सोडून टिकता आलं नव्हतं. क्लबची शिकाऊ फळी लांब, जाड आणि मऊ होती, गादीसारखी. तिच्यावर उभं राहणं सोपं, पण तिला वेग येत नाही. दोरी सोडली की मुलगी मागे पडायची आणि लाट पुढे निघून जायची. तिला आता पुढची फळी हवी होती. थोडी आखूड आणि चपळ, पण कसलेल्या लोकांच्या फळीइतकी अवखळ नको. नवीन घ्यायची तर सेकंडहँड स्कूटर येईल एवढी किंमत. शिवाय एप्रिलमध्ये कंपनी तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती.

"पाच रविवार उरलेत, आई," ती म्हणाली. "जायच्या आधी एकदा दोरी सोडायची आहे. तू चल ना फळी बघायला. तुला फायबर कळतं आणि भाव करता येतो."

कंपनीत लागल्यापासून तिने मला कशातलंही काही विचारलं नव्हतं. मी त्याच दिवशी शेड लवकर बंद केली.

क्लबच्या बोटीचं इंजिन सांभाळणारे आणि बोट चालवणारे एक मेकॅनिक कुरुळीत राहतात. माझ्याच वयाचे असतील. क्लब सोडून गेलेल्या लोकांच्या फळ्या त्यांच्या गॅरेजात विकायला असतात. त्या दिवशी दोन होत्या. एक पांढरी, हलकी, हाताने घडवलेली. दुसरी निळी, जरा जड, साच्यात दाबून काढलेली, नाकाजवळ पिवळट डाग पडलेली.

मी निळी फळी हातात घेतली आणि तिच्यावरून हात फिरवतच राहिले. एवढी वर्षं मी साच्यातून माल काढते, पण असा आकार मी पाहिला नव्हता. तिच्यात सरळ रेषच नव्हती. नाक वर उचललेलं, पोट किंचित खोलगट, शेपटीकडे निमुळती होत गेलेली. हात ठेवला की आपोआप मागे घसरत जायचा. ज्याने हिचा साचा केला त्याला मी बोलावून चहा पाजला असता.

पण हे तोंडावर दिसू दिलं नाही. पर्समधून दहाचं नाणं काढलं आणि पांढऱ्या फळीवर टकटक करत निघाले. टक, टक, टक, टक. मधेच आवाज बसला. ठप.

"इथे वरचा थर सुटलाय," मी म्हणाले. "आत पाणी गेलं असणार."

मेकॅनिकने स्वतः नाणं घेऊन वाजवून पाहिलं. "या अल्ला. सहा महिने झाले ही माझ्याकडे. ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"डॉक्टर असते तर तुमच्याकडे आले नसते. निळीचं बोला."

निळी पूर्ण वाजवली. कुठे पोकळ नव्हती. खाली तीन छोटे पंख होते, स्क्रूने काढता येणारे, आणि त्यांच्या बुडाशी तडा नव्हता. मुलगी वजनाने छप्पन किलो. तिच्या मापाला हीच ठीक, असं मेकॅनिकही म्हणाले. त्यांनी अठ्ठावीस हजार सांगितले. मी अठरा म्हणाले.

"ताई, मग बोटपण घेऊन जा ना. चावी देतो."

"डाग बघा हा. उन्हात पडलेली आहे वर्षभर."

"डाग तर माझ्या बनियनवर पण आहेत."

तेवीसवर ते अडले. मी बावीसवर अडले. मग शेपटीकडच्या खालच्या कडेवरून माझा अंगठा फिरला आणि थबकला. धार होती. अगदी माझ्या पॅनेलांना असायची तशी.

"हे काय? ही कड घासलेलीच नाही. पोरीचा पाय कापला म्हणजे?"

"ताई, ती तशीच असते. तिला..."

"मला कड शिकवू नका, भाई. पंचवीस-तीस वर्षं कडाच घासतेय मी." माझा आवाज चढला. रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले. "या कडेचे हजार कमी होणार. नाहीतर ठेवा तुमची फळी."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. हजार कमी झाले. बावीस हजारांत फळी घेऊन मी रिक्षात बसले, ती निवडणूक जिंकल्यासारखी.

शनिवारी मी ती शेडवर नेली. डाग घालवला, पॉलिश केली. आणि शेपटीच्या दोन्ही कडा आधी एकशेवीस, मग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. अंगठा लोण्यावरून फिरावा तसा फिरायला लागला. मुलीला सांगितलं नाही. तिला वाटावं, आईने फळी आरशासारखी करून दिली.

पहिल्या रविवारी ती उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली. दोरी सोडली की मागेच पडते, म्हणाली. दुसऱ्या रविवारीही तेच. "फळी चांगली आहे आई, मलाच जमत नाहीये," असं म्हणाली तेव्हा मला तिच्या पायांची, तिच्या वजनाची, सगळ्याची शंका आली. फळीची आली नाही.

तिसऱ्या रविवारी मी सोबत गेले. काठावर बसले आणि तिला चार वेळा पडताना पाहिलं. दर वेळी ती लाटेवर नीट उभी असायची आणि दोरी सोडल्यावर, कुणी मागून पदर धरावा तशी, हळूहळू मागे जायची. बोट काठाला लागल्यावर मेकॅनिकने फळी उलटी केली, शेपटीखाली हात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, कड कुठे गेली?"

"घासली. तुम्हाला जमत नव्हतं ते काम केलं."

ते चिडले नाहीत, याचा मला जास्त राग आला. त्यांनी टपरीवरून दोन गोष्टी आणल्या, एक गोल ओठाचा स्टीलचा पेला आणि एक कापलेल्या पत्र्याचं डबडं. दोन्हींत पाणी भरलं. पेला सावकाश कलता केला. पाणी ओठावरून वळून पेल्याच्याच अंगाने खाली ओघळलं आणि त्यांच्या मनगटावरून बाहीत गेलं. मग डबडं कलतं केलं. पत्र्याच्या धारेवरून पाणी सुटून सरळ खाली पडलं, डबड्याला न चिकटता.

"गोल कडेला पाणी धरून राहतं," ते म्हणाले. "मागे ओढतं. धार असली की सोडून देतं. त्या दिवशी हेच सांगत होतो."

मुलगी ओल्या केसांनी ऐकत उभी होती. "तू घासलीस?" तिने विचारलं. "मला न विचारता?"

मी काहीतरी मोठ्याने बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण माझी नजर त्यांच्या ओल्या बाहीवर गेली. तिचे तीन रविवार मी घासून टाकले होते.

घरी आल्यावर तिने खोलीचं दार लावून घेतलं. सोमवारी मी एकटी शेडवर बसले. कडेला बाहेरून चिकटपट्टीची भिंत उभी केली, जाड केलेलं इपॉक्सी रेझीन त्यात भरलं. आमचं रोजचं रेझीन चालत नाही. कुठे चिरेतून आत उतरलं तर ते फळीच्या पोटातला फोम खाऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि लाकडाच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासायला लागले, या वेळी कोपरा ठेवण्यासाठी. हात ऐकेना. सारखा वळून गोल करायला जायचा. मी त्याला दटावत होते. शेवटी अंगठा फिरवला तर बारीक चीर पडली आणि रक्ताचा एक ठिपका आला.

तो ठिपका मी पदराला पुसला. बसमध्ये लोक सीटमागे हात ठेवतात. तिथे ती कड चालणार नव्हती. साहेबाने माल परत केला ते बरोबरच होतं. बोलला ते बरोबर नव्हतं, आणि ते मी सोडणार नाही. पण इतकी वर्षं मी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून ठेवलं होतं.

चौथ्या रविवारी मुलीने स्वतःच विचारलं, "बोटीत बसतेस?" मी आयुष्यात बोटीत बसले नव्हते. लाइफ जॅकेटचे पट्टे मेकॅनिकने आवळून दिले. "ताई, आज कडेचे किती कमी करायचे?"

"बोट चालवा. हजार परत मिळणार नाहीत."

बोट निघाली, जड, मागे बसलेली. मी मागे वळून बघितलं आणि बघतच राहिले. बोटीच्या मागे लाट उभी होती. मी समजत होते ती येईल, फुटेल, जाईल. ती जातच नव्हती. कंबरेएवढी, हिरवी, आमच्याच वेगाने आमच्या मागे येत होती, आणि तिचा आतला वळसा साच्यातून नुकत्याच सोडवलेल्या तुकड्यासारखा चकचकीत होता. फक्त साचा कुठे नव्हता. पाणी क्षणाक्षणाला नवं येत होतं आणि आकार तोच राहत होता. मी आयुष्यभर आकार धरून ठेवायला साचे वापरले, क्लँप लावले, रात्रभर वाळवले. इथे कशानेच काही धरलेलं नव्हतं.

मुलगी त्या वळशात उभी होती, दोरी धरून, माझ्यापासून दहा-बारा फुटांवर. मला तिच्या पापण्यांवरचं पाणी दिसत होतं. दोरी सैल झाली. तिने दोरीच्या टोकाच्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मूठ बोटीत फेकली. मूठ माझ्या पायांशी येऊन पडली.

मला वाटलं, आता मागे जाईल. गेली नाही. एकदा किंचित मागे सरकली, मग तिने पुढचा पाय दाबला आणि फळी लाटेवरून खाली उतरत पुढे आली, इतकी की मी हात लांबवला असता तर तिच्या बोटांना लागला असता. शेपटीखालून पाणी सुटून सरळ मागे जात होतं. तिला कुणी धरलं नव्हतं. ती दोन्ही हात पसरून उभी होती आणि हसत होती.

काठ जवळ यायला लागला. मेकॅनिकने मान वळवून विचारलं, "थांबवू, ताई?"

मी दोरीची ओली मूठ उचलून मांडीवर घेतली.

"नको. मोठा वळसा घ्या," मी म्हणाले. "ती पडेपर्यंत चालू द्या."