डब्यातली हिरवी वायर

फोन आला तेव्हा मी एका ट्रकच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. पलीकडून मोहनबाबूंच्या मिसेस, आमच्या वहिनी, बोलल्या, "मिस्त्री, हे गेले." सकाळी चहा घेता घेता गेले म्हणे. मी हातातला जोड पूर्ण केला, त्याच्यावर टेप गुंडाळली, मग खाली उतरलो. त्या ट्रकचा ड्रायव्हर नंतर ढाब्यावर सांगत फिरला की बुढ्याचं काळीज दगडाचं आहे. असू दे. मोहनबाबू असते तर त्यांनीच पहिले विचारलं असतं, जोड उघडा तर नाही ना ठेवला?... आता सव्वा महिना झाला. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, बाबूंवर दोन शब्द लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. पण या माणसावर दुसऱ्या कोणी लिहिलं तर तो चुकीचं लिहील, म्हणून मीच लिहितो.

पांढरकवड्याला हायवेवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माझे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, मी बंजाऱ्यांच्या तांड्यातून उठलो आणि ट्रकच्या वायरी जोडायला बसलो. धंदा तोच, लोकांचा माल चालता ठेवायचा. मोहनबाबू तहसील कचेरीत कारकून, त्यांच्या घरात तीन पिढ्या नुसते कागद. स्कूटरचा हॉर्न बिघडला म्हणून माझ्याकडे आले आणि मग येतच राहिले. ते आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंही गिटार वाजवायचे. लग्नात, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला ही जोडी ठरलेली. मग दादा वारले. बाबूंनी गिटार खोळीत घातली ती घातलीच. एकदा मी विचारलं, "काहून हो बाबू, हात दुखतात काय?" तर म्हणाले, "हात चांगले आहेत मिस्त्री. एकटी वाजते. दादाची गिटार मागं नसली की माझी उघडी पडते."

रिटायर झाल्यावर एक दिवस ते हातात कागद घेऊन आले. इंग्रजीत छापलेला, रेघारेघांचा. म्हणाले, "याला कोरस पेडल म्हणतात. पायानं दाबलं की एका गिटारीच्या दोन वाटतात." मी म्हटलं, तयार मिळत असंल ना बजारात? "मिळते. पण म्हटलं, मिस्त्रीच्यानं होते का पाहू..." कुठं टोचायचं ते त्या माणसाला बरोबर माहीत होतं. मग समजावून सांगायला लागले, की तोच आवाज दुसऱ्यांदा जरासा मागून येतो, आणि ते मागं राहणं सारखं कमी-जास्त होत राहते. मी म्हटलं, "यात मले काय शिकवता? आमच्या तांड्यातल्या बाया होळीची लेंगी अशीच गातात. तीस जणी, पण एक बाई दुसरीच्या बरोबर नाही. म्हणून तर आवाज भरते!" बाबूंनी कागद खाली ठेवला. "मिस्त्री, हे या कागदावर कुठंच लिहिलेलं नाही." मी तिथल्या तिथं म्हटलं, या होळीले तांड्यात वाजवाच. ते म्हणाले, "पेडल झालं तर वाजवीन. नाही झालं तर गिटार खोळीतच बरी." मग मागं हटायचा प्रश्नच नव्हता.

बाबूंच्या ओसरीवर बसायचं, त्यांनी कागद वाचायचा, मी सोल्डर करायचं. डबा घेतला जुन्या ट्रकच्या फ्यूजबॉक्सचा. पायाचा स्विच म्हणून डिप्पर लावला. जुन्या ट्रकात हेडलाइटचा डिप्पर पायानंच मारायचा असे, तो आयुष्यभर मोडत नाही. आवाजाच्या लाटेबरोबर लुकलुकणारा एक दिवाही बसवला, ड्रायव्हरला चालू-बंद समजायला नको? पहिल्या दिवशी दुसरा आवाज काही निघेना. बाबूंनी कागद चार वेळा तपासला. आत स्क्रूनं फिरवायचं एक बारकं बटण होतं. बाबू एकच तार छेडत बसले आणि मी ते केसाकेसानं फिरवत गेलो... आणि एकदम गिटार रुंद झाली. "आला!" बाबू ओरडले. आतून वहिनी म्हणाल्या, "कोण आलं? चहा वाढवू का?"

पण त्या आवाजामागून टिक... टिक... टिक. दिवा लुकलुकला की टिक.

बाबू म्हणाले, "तुम्ही दिव्याचा परतीचा करंट डब्याच्या पत्र्यावरून आणला, आवाजाचाही तिथूनच आणला. दोघं एका पायवाटेनं आले तर धक्का लागणारच. दिव्याला वेगळी वायर द्या." आता ट्रकात काय असते, बॅटरीतून एक वायर जाते आणि परतीचं काम गाडीचं लोखंड करते. त्याला आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. मी म्हटलं, "चाळीस वर्षं झाली, माझ्या बॉडी अर्थवर गाड्या हैदराबादले जाऊन राह्यल्या. एक तरी वापस आली काय?"

"मिस्त्री, हा ट्रक नाही."

"मंग न्या कचेरीत, अन् अर्ज लिहा त्याच्यावर!"

"तू अडाणी नाहीस, हट्टी आहेस. ते जास्त वाईट."

"हाव. अन् तुले सोल्डर धरता येत नाही."

तुम्ही-तुम्ही म्हणणारे आम्ही त्या दिवशी तू-तू वर आलो. आठ दिवस बोललो नाही. डबा मी उचलून आणला तो दुकानाच्या फळीवर पडून राहिला, गिटार खोळीत गेली, आणि होळी चार दिवसांवर आली.

तेव्हा एक ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, इंडिकेटर देता हूँ तो टेप में टिकटिक आती है." मी काही विचार न करता बोललो, कोणीतरी टेपरेकॉर्डरचा अर्थ बॉडीवरून घेतला असंल, थांब, बॅटरीवरून वेगळी वायर टाकतो. हे काम मी आयुष्यात शंभर वेळा केलं असेल. वायर अर्धी ओढली आणि हात थांबला... मी स्वतःलाच एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. त्याचं काम पुरं केलं, त्याच रिळातला वीतभर हिरवा तुकडा कापला आणि डबा उघडला. दिव्याला त्याची स्वतःची वायर दिली, पत्रा एकाच जागी जोडला. डबा घेऊन थेट बाबूंच्या घरी गेलो. त्यांनी गिटार काढली, मी डिप्पर दाबला. दिवा लुकलुकत होता, आवाज हेलकावत होता, टिकटिक गायब. बाबू कितीतरी वेळ वाजवायचे थांबलेच नाहीत. मग म्हणाले, "काय केलं?"

"काही नाही. एक जोड ढिला होता."

होळीला आमचा तांडा मी जन्मभर पाहतो आहे, पण तशी दुपार पाहिली नाही. बाबूंनी सुरू केलं तशा बाया जवळ सरकल्या. सोनी याडी आमच्यात सगळ्यांत म्हातारी, सगळे तिला याडी, म्हणजे आईच म्हणतात. ती उठून डब्याजवळ आली, वाकून पाहिलं आणि विचारलं, याच्यात किती जण बसवले? मग तिनंच लेंगी धरली, बाकीच्या मागून मिळाल्या, बाबूंनी सूर गाठला, आणि कुठं बाया संपतात अन् कुठं गिटार सुरू होते ते कोणाला सांगता येईना. संपल्यावर बाबूंनी माइक घेतला. "या डब्यात एक हिरवी वायर आहे. मी झाकण उघडून पाहिली. मिस्त्री म्हणतात जोड ढिला होता. आता ती वायर कोणाची, ते त्यांनीच सांगावं."

अख्खा तांडा माझ्याकडे पाहत होता. मी उठलो. "वायर माझी," मी म्हटलं. लोक हसले. "अक्कल बाबूची." तेव्हा तर थाळ्याच वाजल्या. मी ओरडलो, "पण सोल्डर माझं हाय, ध्यानात ठेवा!"

त्यानंतर तीन होळ्या वाजवल्या त्यांनी. गिटार परत खोळीत गेली नाही.

बॉडी अर्थ मी अजूनही घेतो, तो काही चुकीचा नाही. पण टेप असलेल्या प्रत्येक गाडीत आता हिरवी वायर टाकतो, कोणी तक्रार करायच्या आधीच. आणि दर आठवड्याला डब्याची बॅटरी पाहायला बाबूंच्या घरी जातो. गिटार खुंटीवर आहे. वहिनींना वाजवता येत नाही, मला तर नाहीच. त्या ती मांडीवर घेतात आणि मोकळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवतात. मी डिप्पर दाबतो. एका गिटारीच्या दोन होतात, दिवा लुकलुकतो, आणि आम्ही दोघं आवाज पार विरेपर्यंत कान देऊन बसतो.

"टिकटिक?" वहिनी विचारतात.

"नाही," मी सांगतो.