पाचच्या आत पोचवायची डबी

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अठ्ठावीस वर्षांचा, अविवाहित. कामात वाघ, पण मुखदुर्बळ. मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हाही त्याने एवढंच विचारलं, "कामावर कधी जाता येईल?"

केमो दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती. सह्या चालू असताना सोबत आलेल्या वहिनीने विचारलं, "डॉक्टर, यांना पुढे मुलं होतील ना?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "हे मीच आधी सांगायला हवं होतं. या औषधांनी शुक्राणू कायमचे संपू शकतात. त्याआधी गोठवून ठेवता येतात. पण आजच. लॅब पाचला बंद होते."

त्याचे कान लाल झाले. "वहिनी, आधी जगू तर द्या."

"जगणारच आहात, भावोजी. चला, उठा."

लॅबच्या खोलीत एक खुर्ची, एक बेसिन आणि दाराबाहेर सतत कुणाची तरी चाहूल. चाळीस मिनिटांनी तो रिकामी डबी घेऊन, मान खाली घालून बाहेर आला.

"पुष्कळांचं असं होतं," लॅबमधल्या बाई म्हणाल्या. "घरून आणा. तासाभरात पोचायला हवी. गार होऊ देऊ नका, अंगाशी धरा."

घरी येताच वहिनीने सासूबाईंना भाजीला पिटाळलं आणि स्वतःही जिन्यात जाऊन बसली. खाली मोठा भाऊ स्कूटर चालू ठेवून उभा. चार वाजून पाच मिनिटांनी तो शर्टाच्या आत डबी धरून उतरला.

पुढे रस्ता खोदलेला. गाड्या जागच्या हलेनात. साडेचार झाले.

"दादा, मी उतरतो."

"अरे, तुला दोन जिने चढवत नाहीत!"

तो ऐकायला थांबलाच नाही. अंगात ताप, छातीत धाप, तरी पळाला. पाचला आठ कमी असताना खिडकीत डबी दिली आणि तिथेच फरशीवर बसला.

अर्ध्या तासाने बाई स्वतः बाहेर आल्या. "कमी आहेत, पण जिवंत आहेत. गोठवायला चार नळ्या होतील."

आजार कळल्यापासून तो पहिल्यांदाच रडला.

उपचार आठ महिने चालले. तो वाचला, पण तपासणीत शुक्राणू शून्य निघाले. पुढे लग्नाचं जुळू लागलं तेव्हा मुलीला त्याने पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं.

"आणि त्या नळ्यांनीही नाही झालं तर?" तिने विचारलं.

"तर नाही."

"बरं झालं, आधी सांगितलंत," ती म्हणाली.

लग्नानंतर पहिल्या दोन नळ्या वाया गेल्या. तिसरीतून मुलगी झाली. चौथी ठेवायची का, असं लॅब दरवर्षी विचारते. दोघांचं अजून ठरत नाही.